व्हॉट्सॲप बॉटचा फॉर्म: शेतकरी आधारपाशी येऊन गप्प होतात. काय बदलू?

ओढ्याकडचा_प्लॉट

नमस्कार मंडळी. तासगाव तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं ऑफिस सांभाळतो. बीएस्सी ॲग्री आहे, पायथन हौसेनं शिकलोय. आमचे सभासद जवळपास सगळे द्राक्षवाले. बागेत काही दिसलं की पानाचा फोटो काढायचा आणि आमच्या तज्ज्ञांच्या खासगी नंबरवर टाकायचा, ही पद्धत. ऑक्टोबर छाटणीनंतर चार दिवस ढगाळ हवा राहिली की त्या माणसाला जेवायला सवड मिळत नाही. म्हणून बॉट केला. त्याचं काम एवढंच, की शेतकऱ्याकडून लागेल ती माहिती घ्यायची आणि तज्ज्ञांसमोर नीट मांडून ठेवायची. सल्ला माणूसच देणार, बॉट नाही.

सांगाडा एका एजन्सीनं रासामध्ये (चॅटबॉट बनवायचं सॉफ्टवेअर) करून दिला, आता तो माझ्या गळ्यात आहे. फॉर्मचा क्रम असा: नाव, मोबाईल नंबर, गाव, तालुका, जिल्हा, आधार क्रमांक, एकूण क्षेत्र, द्राक्षाची जात, छाटणीची तारीख, शेवटची फवारणी, अडचण, फोटो. हा क्रम संचालक मंडळाच्या बैठकीत ठरला. सभासद नोंदणीच्या छापील अर्जाचा क्रम हाच आहे, तोच उचलला.

आता होतं काय, की लोक नाव देतात. मोबाईल नंबर विचारला की "ह्याच नंबरवरनं बोलतोय की" असं लिहितात, त्यावर बॉट म्हणतो "कृपया दहा अंकी क्रमांक टाका". तरी बिचारे तो टाकतात. गाव, तालुका, जिल्हा देतात. आधारला आले की संपलं, पुढं काही नाही. आणि पाच मिनिटांनी तोच फोटो तज्ज्ञांच्या खासगी नंबरवर.

जे आधार ओलांडून पुढं जातात त्यांची उत्तरं बघा. "क्षेत्र किती एकर?" याला आलेली उत्तरं जशीच्या तशी देतो: "सव्वादोन", "२ एकर १० गुंठे", "९१ आर", "उताऱ्यावर ०.९१ हाय", "दोनअडीच असंल". एजन्सीच्या तपासणीतून यातलं एकही पास होत नाही. इंग्रजी आकडे आणि मधे टिंब, एवढंच चालतं. छाटणीच्या तारखेला "४२ वा दिवस" किंवा "दसऱ्याच्या आदल्या दिवशी". हे सगळं आपल्याला कळतं, बॉटला कळत नाही.

एका नोंदीत द्राक्षाची जात अशी भरली गेलीय: "आधार कशाला लागतंय ते आधी सांगा". म्हणजे त्या गड्यानं आधार कसंबसं दिलं, क्षेत्र दिलं, आणि मग राग आला.

सगळ्यात चमत्कारिक गोष्ट शेवटी. एका घरात एकच स्मार्टफोन. सकाळी वडिलांनी विहिरीकडच्या प्लॉटची सगळी माहिती भरली. दुपारी मुलानं ओढ्याकडच्या प्लॉटसाठी त्याच फोनवरून "नमस्कार" टाकला, तर बॉटनं काही न विचारता "धन्यवाद, आपली नोंद झाली आहे" सांगून मोकळा केला. फोटोसुद्धा मागितला नाही. नोंद बघितली तर सकाळचीच.

फॉर्म कसा लावू? आणि संचालकांना पटेल अशा भाषेत सांगितलंत तर उपकार होतील. "लोकांना त्रास होतो" हे कारण तिथं चालत नाही.

हिंजवडी_रिटर्न

शेवटच्या चमत्कारापासून सुरू करतो, कारण त्याचा उलगडा सोपा आहे.

रासाचा फॉर्म सुरू झाला की कुठले स्लॉट (उत्तरं ठेवायचे रकाने) रिकामे आहेत ते आधी बघतो आणि तेवढेच विचारतो. फॉर्म पूर्ण झाला म्हणून स्लॉट आपोआप रिकामे होत नाहीत. वर डोमेन फाइलमध्ये सेशनच्या खाली "कॅरी ओव्हर स्लॉट्स टू न्यू सेशन" नावाची सेटिंग असते, ती मुळातच ट्रू. म्हणजे तासभर शांतता होऊन नवं सेशन सुरू झालं तरी जुनी मूल्यं पुढं चालत येतात. मुलानं नमस्कार केला तेव्हा फॉर्मच्या दृष्टीनं विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

आता लोक तुम्हाला सांगतील की शेवटी "ऑल स्लॉट्स रीसेट" टाका. टाकू नका. त्यानं नाव-गावही पुसलं जातं आणि शेतकऱ्याला दर वेळी पहिलीत बसावं लागतं. सबमिटच्या ॲक्शनमध्ये फक्त प्लॉटचे आणि आजच्या तक्रारीचे स्लॉट नन (रिकामे) करा, बाकीचे राहू द्या.

हे करायला बसलात की फॉर्मचा मूळ घोळ दिसेल. त्यात चार वेगवेगळ्या वयाची माहिती एका माळेत ओवली आहे. नाव आणि गाव माणसाचं, ते एकदा घेतलं की झालं. प्लॉटचं नाव, जात, क्षेत्र हे प्लॉटचं. बाग काढेपर्यंत बदलत नाही. छाटणीची तारीख वर्षातून दोनदा बदलते. आणि फवारणी, डाग, फोटो हे आजचं. रोज विचारायचं ते फक्त शेवटचं. बाकी तुमच्या डेटाबेसमध्ये नंबरवरून सापडलं पाहिजे. पण नंबर म्हणजे शेतकरी नव्हे आणि शेतकरी म्हणजे प्लॉट नव्हे, हे तुमच्या त्या घरानं दाखवलंच आहे. एका नंबराखाली अनेक प्लॉट ठेवा आणि सुरुवातीला विचारा: "कोणता प्लॉट?" पर्याय त्यांच्याच शब्दांत द्या. विहिरीकडचा, ओढ्याकडचा, नवीन प्लॉट. गट नंबर विचारू नका, तो उताऱ्यावर असतो आणि उतारा कपाटात असतो.

व्हॉट्सॲपवर उत्तराची बटणं जास्तीत जास्त तीन देता येतात आणि बटणावर वीस अक्षरं बसतात. तीनाच्या वर गेलात तर यादीचा मेसेज वापरा, त्यात दहा ओळी आणि ओळीचं शीर्षक चोवीस अक्षरांचं. मराठीत हे हिशेबानं लिहा, कारण काना, वेलांटी, जोडाक्षरातलं हलंत सगळं सुटं मोजलं जातं. "द्राक्षबाग" म्हणताना चार अक्षरं, मोजणीत दहा. एजन्सीवाले इंग्रजीत मजकूर बसवतात, मग भाषांतर टाकतात, आणि मेसेज एररनं परत येतो.

मोबाईल नंबर हा प्रश्न आजच काढा. वेबहूकवर (व्हॉट्सॲपकडून मेसेज तुमच्या सर्व्हरवर येतो ती वाट) येणाऱ्या प्रत्येक मेसेजसोबत पाठवणाऱ्याचा नंबर येतो, पुढं ९१ लावून. प्रोफाइलचं नावही येतं, पण ते नोंदीत घेऊ नका. तिथं "जय शिवराय" आणि "पप्पांची परी" निघतात. तालुका-जिल्हाही काढा, गावावरून मिळतात. केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्न्मेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला कोड आहे, तुमच्या तीन-चार तालुक्यांची यादी उतरवून घ्या आणि नोंदीत कोड साठवा. मणेराजुरी, मनेराजुरी, "मणेराजूरी", लोक कसंही लिहितात. जवळचं नाव शोधून "मणेराजुरी, तासगाव?" असं बटण दाखवा. एकाच नावाची दोन गावं निघाली तरच तालुका विचारा.

क्षेत्र. आधी तज्ज्ञांना विचारा, डाग ओळखायला त्यांना क्षेत्र लागतं का. लागत नसेल तर हा प्रश्न प्लॉटच्या नोंदीत ढकला, तक्रारीच्या वाटेत नको. घ्यायचंच तर शेतकऱ्यानं लिहिलेलं जसंच्या तसं एका रकान्यात ठेवा आणि त्यावरून काढलेला आकडा दुसऱ्या रकान्यात. पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, सव्वादोन, अडीच आणि साडे लावलेले, एवढा छोटा तक्ता हातानं लिहा, त्यासाठी मॉडेल लागत नाही. चाळीस गुंठ्यांचा एकर, शंभर आरचा हेक्टर, एकर म्हणजे साधारण ४०.४७ आर. म्हणजे तुमची पहिली चारही उत्तरं एकच आहेत: सव्वादोन एकर. नुसतं "०.९१" आलं तर ते एकर की हेक्टर हे अंदाजानं ठरवू नका, तीन बटणं द्या: एकर, गुंठे, हेक्टर-आर. आणि "दोनअडीच असंल" याचा आकडा करूच नका. २.२५ असं सरासरी काढून बसाल आणि पुढच्या अहवालात ते मोजमाप म्हणून छापलं जाईल. आकड्याचा रकाना रिकामा ठेवा.

देवनागरी आकडे पास न होण्याचं कारण बहुधा त्यांच्या रेगेक्समध्ये (मजकूर तपासायच्या साच्यात) आहे. शून्य ते नऊ अशी रेंज लिहिली असेल तर ती फक्त इंग्रजी आकडे धरते. पायथन ३ मध्ये अंकांचं जे सर्वसाधारण चिन्ह आहे ते "४२" धरतं, आणि इंट किंवा फ्लोटला देवनागरी आकडे तसेच दिले तरी चालतात. तुमच्यापैकी कोणी नोडमध्ये (जावास्क्रिप्टमध्ये) करत असेल तर तिथं चालत नाही, आधी बदलून घ्यावे लागतात.

छाटणीची तारीख विचारूच नका. "छाटणी होऊन किती दिवस झाले?" असं विचारा. द्राक्षवाला दिवसांतच बोलतो. पण साठवताना तारीख साठवा, कारण दिवस उद्या जुने होतात. १२ नोव्हेंबरला कोणी "४२ वा दिवस" म्हणाला तर १ ऑक्टोबर. आणि २०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला होता, म्हणजे तुमचा "आदल्या दिवशी"वालाही तोच. सणांच्या तारखांची एक छोटी यादी ठेवा. काढलेली तारीख परत दाखवा: "म्हणजे १ ऑक्टोबरची छाटणी, बरोबर?"

आता "आधार कशाला लागतंय" जातीच्या रकान्यात कसं गेलं. जातीच्या स्लॉटला "फ्रॉम टेक्स्ट" मॅपिंग आहे, म्हणजे समोरचा जे बोलेल ते उत्तर. "का विचारताय" असा एक इंटेंट (बोलण्यामागचा हेतू) बनवा, त्यात लोकांची खरी वाक्यं भरा, आणि मॅपिंगमध्ये "नॉट इंटेंट" म्हणून तो लावा. मग एक रूल लिहा, की फॉर्म चालू असताना हा इंटेंट आला तर कारण सांगायचं आणि फॉर्मवर परत यायचं. रासा ३ वर असाल तर मॅपिंगला "ॲक्टिव्ह लूप" आणि "रिक्वेस्टेड स्लॉट"ची अट घातली आहे ना तेही बघा. तिसऱ्या आवृत्तीपासून मॅपिंग डोमेनमध्ये गेलं आणि ते प्रत्येक मेसेजला लागू होतं. अट नसेल तर फॉर्म बंद असतानाही नुसता "राम राम" द्राक्षाची जात होऊन बसतो.

जातीला तसंही फ्रॉम टेक्स्ट कशाला? थॉम्पसन, सोनाका, माणिक चमन, शरद, "इतर". यादी द्या.

एकच_प्रॉम्प्ट

एवढी उस्तवार कशाला? फॉर्म, स्लॉट, रूल हे सगळं आता जुनं झालं. शेतकऱ्याला हवं तसं बोलू द्या. "दादा ओढ्याकडची सोनाका, ४२ दिवस झालं, पानावर डाग, परवा मॅन्कोझेब मारलंय." हा मेसेज मोठ्या भाषा मॉडेलला (चॅटजीपीटीसारख्या एआयला) द्या, सोबत जेसनचा साचा (रकान्यांची ठरलेली मांडणी) द्या, सगळे रकाने भरून येतात. मराठी व्यवस्थित कळतं. जे राहिलं तेवढंच परत विचारायचं. दोन दिवसांचं काम.

हिंजवडी_रिटर्न

बरोबर आहे, आणि मीही हल्ली पहिल्या मेसेजसाठी तेच करतो. वरचं वाक्य रासाच्या फॉर्मला पाच प्रश्नांत मिळतं, मॉडेलला एका झटक्यात. पण दोन पाचर मारल्याशिवाय देऊ नका.

साच्यात जातीचा रकाना सक्तीचा केला आणि शेतकऱ्यानं जात सांगितलीच नाही, तर मॉडेल रिकामं ठेवत नाही. साचा भरायचा म्हणून "थॉम्पसन" लिहून देतं, आणि ते इतकं शक्य वाटतं की कोणाला शंका येत नाही. प्रत्येक रकान्याला नल (रिकामं) चालेल असं साच्यातच लिहा. शिवाय प्रत्येक मूल्यासोबत ते मेसेजमधल्या कुठल्या शब्दांवरून घेतलं ते शब्द जसेच्या तसे मागा आणि कोडमध्ये तपासा, की ते शब्द मूळ मेसेजमध्ये खरंच आहेत. नसले तर मूल्य फेका. ही तपासणी मॉडेलवर सोडायची नाही, साधी स्ट्रिंग शोधायची.

"परवा"चंही बघा. "मारलंय" आहे म्हणून मागचा परवा. "परवा मारणार हाय, चालंल का?" असं आलं तर ती शेवटची फवारणी नव्हे. मॉडेलला हे बहुतेक वेळा जमतं, पण फवारणी आणि काढणीमधलं अंतर ज्या नोंदीवरून मोजणार, तिथं बहुतेक वेळा पुरत नाही. बटणानं खात्री करून घ्या.

बाकी आधार क्रमांक असलेला मेसेज बाहेरच्या मॉडेलला जाणार, हे तुमच्या दोन दिवसांच्या कामात कुठं बसतं?

बांधावरून

निफाडकडे सल्ला द्यायचं काम करतो, कोडमधलं काही कळत नाही. पण फोटो शेवटी ठेवलाय हे वाचून राहवलं नाही. शेतकरी तुमच्याकडे फोटो घेऊनच आलाय ना? मग तो आधी घ्या की. हातातली वस्तू घेतल्याशिवाय कोण नाव-गाव विचारत बसतं?

आणि फोटो म्हणजे कसला फोटो, हे बॉटला सांगता आलं पाहिजे. आम्हाला येणारे निम्मे फोटो वरून काढलेले असतात. डाऊनीचा (केवडा रोगाचा) डाग पानाच्या वरच्या बाजूनं तेलकट पिवळसर दिसतो, पण खरी खूण खालच्या बाजूला, तिथं पांढरी बुरशी धरते. भुरी असेल तर राखाडी-पांढरी पावडर वरच्या अंगानंही दिसते. म्हणून नुसत्या वरच्या फोटोवर मी कधीच बोलत नाही. तुमच्या बॉटनं पहिला फोटो आला की लगेच म्हणावं: "आता तेच पान उलटं करून फोटो पाठवा." "तेच" हा शब्द राहू द्या, नाहीतर दुसरंच पान येतं. तिसरा फोटो हवा तर घडाचा. आणि विचारायचं एवढंच: डाग जुन्या पानांवर की शेंड्याकडच्या? पाऊस किंवा दव कधी पडलं? शेवटी काय मारलं?

औषधाचं नाव टाइप करायला लावू नका. बाटलीचा किंवा पुडीचा फोटो मागा. शेतकऱ्याला कंपनीचं नाव पाठ असतं, आतला घटक नाही, आणि आम्हाला घटक पाहिजे असतो. लेबलवर दोन्ही असतं.

जिल्हा आणि आधार घेऊन मी पान ओळखू शकत नाही, हे संचालकांना माझ्यातर्फे सांगा.

नोंदणी_खिडकी

मी एका रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवर बरीच वर्षं काढली, आता तिथल्याच अपॉइंटमेंट बॉटचं बघते. संचालकांना पटेल असं हवंय ना, तर हे घ्या.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि संमती-सूचनेची मुख्य कलमं त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. म्हणजे वेळ आहे, पण आज बांधलेला फॉर्म तेव्हाही चालूच असणार. कायद्याच्या सहाव्या कलमात सरळ लिहिलंय, की संमती ही सांगितलेल्या कामासाठी आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती मर्यादित असते. खाली उदाहरणही दिलंय: फोनवरून वैद्यकीय सल्ला देणाऱ्या ॲपनं संपर्क यादीही मागितली आणि बाईनं दोन्हीला हो म्हटलं, तरी संपर्क यादीची संमती धरली जाणार नाही, कारण सल्ल्यासाठी ती लागत नाही. तुमच्या आधारच्या रकान्याला हे उदाहरण तसंच्या तसं लागू पडतं. शेतकऱ्यानं आपणहून दिलं, असं म्हणून सुटता येणार नाही. माहिती नीट सांभाळली नाही तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. उत्पादक कंपनीला कोणी एवढा दंड लावेल असं मला वाटत नाही, पण बैठकीत हा आकडा मोठ्यानं वाचा.

आधारबद्दल आणखी एक. सर्वोच्च न्यायालयानं २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात आधार कायद्याच्या ५७ व्या कलमातला, खासगी कंपन्यांना करारावर आधार मागू देणारा भाग रद्द केला. पानावरचा डाग दाखवायला आधार ही अट कुठल्याच हिशेबात बसत नाही. सभासदाची ओळख हवी असेल तर तुमचाच सभासद क्रमांक आहे ना?

सूचना मराठीत द्या. कायद्यानंच आठव्या अनुसूचीतल्या भाषांचा पर्याय द्यायला सांगितलंय. पण वकिली मराठीत नको. आमच्याकडे आधी "आपली वैयक्तिक माहिती संकलित व प्रक्रियाकृत करण्यात येईल" असं होतं आणि लोक खिडकीवर येऊन विचारायचे, काय कापणार आहात का? आता असं आहे: "तुमचं नाव, वय आणि आजार आम्ही डॉक्टरांना दाखवण्यासाठी घेतो. दुसऱ्या कोणाला देत नाही. पुसून टाकायचं असेल तर 'पुसा' असं लिहा." आणि "पुसा" लिहिल्यावर खरंच पुसलं जातं का, हे स्वतः करून बघा.

शेवटचं, तुमच्या त्या मुलाबद्दल. तो अठरा वर्षांच्या आतला असेल तर कायद्याच्या लेखी तो बालक, आणि त्याची माहिती घ्यायला पालकांची पडताळलेली संमती लागते. म्हणून नोंद वडिलांच्या नावावर राहू द्या, बोलणारा कोण हे विचारूच नका.

हिंजवडी_रिटर्न

पुसण्यावरून आठवलं. स्लॉट नन केला म्हणजे माहिती गेली असं नाही. रासा प्रत्येक संभाषणातली प्रत्येक घटना ट्रॅकर स्टोअरमध्ये ठेवतो, शेतकऱ्याच्या मूळ मेसेजसकट. म्हणजे आजवर ज्यांनी आधार दिलं त्यांचे क्रमांक तिथं पडून आहेत. डीबग लॉग चालू असतील तर तिथंही, आणि एजन्सीच्या चाचणी सर्व्हरवर प्रत असेल तर तिथंही. प्रश्न काढण्याआधी हे शोधा. एजन्सीकडून लेखी घ्या.

ओढ्याकडचा_प्लॉट

मंडळी, बैठक झाली. २५० कोटी ऐकल्यावर अध्यक्षांनी चष्मा काढला. आधार गेलं, मोबाईल नंबर गेला, तालुका-जिल्हा गेला. एका संचालकांचा आग्रह होता की "योजनेला आधार लागतंच, एकदाच घेऊन ठेवू". त्यांना सांगितलं की योजनेच्या वेळी ऑफिसात कागद घेऊ. एजन्सीला ट्रॅकरमधल्या नोंदी पुसायला मेल केलाय. अजून "बघतो"वरच आहे.

आता क्रम असा आहे. शेतकरी फोटो टाकतो. बॉट म्हणतो, तेच पान उलटं करून. मग कोणता प्लॉट. प्लॉट ओळखीचा असेल तर छाटणीचे दिवस बॉट स्वतःच सांगतो, "आज ४२ वा दिवस, बरोबर?", आणि शेतकरी फक्त हो म्हणतो. मग डाग कुठल्या पानांवर, आणि औषधाच्या लेबलचा फोटो. इथं तज्ज्ञांना नोंद जाते. नवीन प्लॉट असेल तर जात आणि क्षेत्र नंतर, तक्रार पुढं गेल्यावर, आणि तिथं "आत्ता नको" असंही बटण आहे. ते दाबणारे बरेच आहेत. दाबू देत.

"बांधावरून" साहेब, तुमचं "तेच पान" फारच कामाचं निघालं. आमच्या तज्ज्ञांनी पहिल्याच दिवशी फोन करून विचारलं, हे कोणी सुचवलं.

"दोनअडीच"ला अध्यक्ष म्हणाले सव्वादोन लावा. नाही लावलं. रकाना रिकामा आहे.

दोन गोष्टी राहिल्यात. एक, काहीजण रात्री फोटो टाकून झोपतात आणि तज्ज्ञांचं उत्तर दुसऱ्या दिवशी उशिरा जातं. काही वेळा ते पोचतच नाही, एरर येते. दुसरी, वयस्कर सभासद टाइप करत नाहीत, व्हॉइस टाकतात. "डाग कुठल्या पानांवर?" याला मिनिटभराचा व्हॉइस येतो, त्यात डागासोबत लाइट कधी येते तेही असतं. बॉट म्हणतो "माफ करा, समजलं नाही".

हिंजवडी_रिटर्न

पहिलं, चोवीस तासांची खिडकी. शेतकऱ्याच्या शेवटच्या मेसेजपासून चोवीस तासांतच साधा मजकूर पाठवता येतो. त्यापुढं मेटानं आधी मंजूर केलेला टेम्प्लेटच जातो. "तुमच्या (अमुक) प्लॉटबद्दल तज्ज्ञांचं उत्तर आलं आहे. बघायचं?" असा एक टेम्प्लेट मंजूर करून ठेवा, खाली "दाखवा" बटण. त्यानं ते दाबलं की खिडकी पुन्हा उघडते आणि मूळ सल्ला साध्या मेसेजनं जातो. फॉर्म अर्धवट सोडलेल्यांना आठवणही त्याच दिवशी द्या, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.

दुसरं, व्हॉइस वेबहूकवर ऑडिओ प्रकारानं येतो आणि त्यात मजकूर नसतो. तुमचा कनेक्टर (व्हॉट्सॲप आणि रासाला जोडणारा कोड) बहुधा रिकामी ओळ रासाला देतो, म्हणून "समजलं नाही". कनेक्टरमध्येच अडवा. ऑडिओ आला तर रासाकडे पाठवण्याआधी मजकुरात बदला. भाषिणीवर (केंद्र सरकारची भाषा-सेवा) मराठीची सोय आहे, तिथून सुरुवात करा. तुमच्याकडची बोली आणि औषधांची नावं त्यात किती टिकतात ते दहा-वीस व्हॉइसवर स्वतः ऐकून पडताळा. आलेल्या मजकुरातून डागाचं उत्तर निघालं तर बटणानं खात्री करा, नाही निघालं तर परत विचारू नका. व्हॉइस तसाच तज्ज्ञांच्या नोंदीला जोडा आणि पुढचा प्रश्न घ्या. मिनिटभर ऐकणं त्यांना चालेल, लाइटचं वेळापत्रकही कळेल.

फक्त फाइल लगेच उतरवून घ्या. मेटाकडून मिळणारी मीडियाची लिंक पाच मिनिटांत मरते. फोटोंनाही तेच लागू आहे, सकाळी उघडू म्हणून लिंक साठवून ठेवली असेल तर ती आजच बदला.